काउंटरवरूनच बदलणारा मेसचा मेनू: वेबपानावरचा मजकूर ब्राउझरमध्येच एडिट कसा करायचा

पुण्यात नव्या पेठेत, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चालणाऱ्या घरगुती मेसच्या मेनूत रोज बदलणारं असं फार थोडं असतं. पोळी, वरण, भात, कोशिंबीर ठरलेलं. बदलते ती भाजी, कधीतरी थाळीचा दर आणि रविवारची फीस्ट. अशा मेसचं वेबपान कोणी हौसेने करून दिलं आणि भाजी बदलायला दर वेळी त्यालाच फोन लावावा लागला, तर ते पान महिन्याभरात मागे पडतं आणि खडूचा फळा पुन्हा दारात येतो. पान ज्यांचं आहे त्यांना ते स्वतः बदलता आलं पाहिजे, तेही वेगळं काही शिकल्याशिवाय.

यासाठी लॉगिन, ॲडमिन पॅनेल, फॉर्म असा सगळा पसारा उभा करता येतो. पण एचटीएमएलमध्येच एक सोय तयार आहे: मजकूर जिथे दिसतो तिथेच क्लिक करायचं आणि टाइप करायचं. त्या ॲट्रिब्यूटचं नाव कंटेंटएडिटेबल. मायक्रोसॉफ्टने ते २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये आणलं, पुढे बाकीच्या ब्राउझरांनी उचललं आणि एचटीएमएल ५ मध्ये त्याला अधिकृत जागा मिळाली.

ज्यांना थोडं एचटीएमएल आणि जुजबी जावास्क्रिप्ट येतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. टॅग, ॲट्रिब्यूट आणि इव्हेंटची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: मेसच्या मेनूचं पान, जे काकू काउंटरवरच्या लॅपटॉपवरून बदलणार आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर बेतलेली आहे. जेवढा मजकूर बदलायचा तेवढाच एडिटेबल ठेवा, त्यात साध्या मजकुराशिवाय काही शिरू देऊ नका आणि साठवतानाही फक्त मजकूर साठवा. कंटेंटएडिटेबलबद्दलच्या बहुतेक तक्रारी अख्खं पान मोकळं सोडण्यातून येतात.

आधी एक छोटी चाचणी

संगणकावर कुठलंही वेबपान उघडा, एफ१२ दाबून कन्सोलमध्ये जा आणि डॉक्युमेंट, टिंब, डिझाइनमोड (यातला मोडचा एम मोठा), मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात ऑन असं लिहून एंटर दाबा. आता पानावर कुठेही क्लिक करा. मथळा, बातमी, बटणावरचा मजकूर, सगळं खोडता येईल, नवीन लिहिता येईल. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत, कारण बदल फक्त तुमच्या ब्राउझरमधल्या प्रतीत झाला होता. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेसच्या काउंटरवर कोणी 'पैसे जमा झाले' असं पान किंवा त्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो पुरावा होत नाही. आपल्या खात्यात रक्कम आली का, ते आपल्याच फोनवर बघायचं.

डिझाइनमोड अख्ख्या पानाला लागू होतो, म्हणून आपल्या कामाला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवेत ते पानावरचे मोजके तुकडे.

पानाची मांडणी

फाइलच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगवर लँग ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड एमआर द्या आणि मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ ठेवा. हे राहिलं तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते.

मेसचं नाव एच१ मध्ये साधंच राहू द्या. त्याखाली एक परिच्छेद: 'आजची भाजी:' हे शब्द साधे आणि त्यापुढे एक स्पॅन. ॲट्रिब्यूट लागतं ते या स्पॅनला. कंटेंट आणि एडिटेबल हे दोन शब्द सलग जोडून लिहा, मध्ये जागा नको, आडवी रेघ नको, आणि किंमत ट्रू द्या. तसाच एक स्पॅन थाळीच्या दरासाठी आणि खाली एक डिव्ह सूचनेसाठी. प्रत्येकाला डेटा-की नावाचं ॲट्रिब्यूट देऊन त्यात भाजी, दर, सूचना अशी रोमन नावं लिहा. साठवताना ती उपयोगी पडतील.

किंमत रिकामी सोडली तरी ती ट्रूच धरली जाते. फॉल्स म्हणजे बंद. काहीच लिहिलं नाही तर घटक आपल्या वरच्या घटकाचा गुण घेतो. म्हणून वरच्या डिव्हला ट्रू देऊन आतल्या नको त्या भागांना फॉल्स देण्याचा मोह होतो. तो टाळा. एडिटेबल भागातला फॉल्स तुकडा ब्राउझरच्या दृष्टीने एकसंध वस्तू असते. त्याच्या शेजारी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबला की 'आजची भाजी:' हे शब्द एका झटक्यात गायब होऊ शकतात.

स्पॅनची एक अडचण हमखास समोर येते. काकूंनी जुनी भाजी पूर्ण खोडली की रिकाम्या स्पॅनची रुंदी शून्य होते आणि परत क्लिक करायला जागाच उरत नाही. उपाय सोपा आहे: सीएसएसमध्ये त्याला डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक द्या आणि किमान रुंदी साधारण आठ ईएम ठेवा. ओळीची उंची, म्हणजे लाइन-हाइट, १.६ च्या आसपास असू द्या. इंग्रजीसाठी पुरणारी उंची देवनागरीला अपुरी पडते. वरची मात्रा आणि खालचा उकार चौकटीला चिकटतात.

फक्त साधा मजकूर

किंमत ट्रू असली की ब्राउझर त्या स्पॅनला छोटा वर्ड प्रोसेसर समजतो. कंट्रोल आणि बी दाबलं की ठळक अक्षरं, वर्डमधून पेस्ट केलं की फाँट, रंग, मार्जिन, सगळं सामान आत. मेनूत एकच भाजी निळ्या रंगात मोठ्या टायपात दिसू लागते आणि ती तशी का झाली ते काकूंना कळायला मार्ग नसतो.

यासाठी तिसरी किंमत आहे: प्लेनटेक्स्ट-ओन्ली. ती दिली की फॉरमॅटिंग आत येतच नाही, पेस्ट केलेला मजकूरही साधा होऊनच येतो. क्रोम आणि सफारीत ती बरीच वर्षं होती. फायरफॉक्समध्ये २०२५ साली आली. त्यामुळे जुना फायरफॉक्स असलेल्या संगणकाचा विचार अजून करावा लागतो. एचटीएमएलमध्ये थेट प्लेनटेक्स्ट-ओन्ली लिहिलं आणि ब्राउझरला ती किंमत कळली नाही, तर तो घटक एडिटेबल होणारच नाही. म्हणून एचटीएमएलमध्ये ट्रू ठेवा आणि जावास्क्रिप्टमधून किंमत बदला. तिथे या गुणधर्माच्या नावात एडिटेबलचा ई मोठा असतो. न कळणारी किंमत दिली की जुना ब्राउझर एरर देतो, तेव्हा ही ओळ ट्राय-कॅचमध्ये ठेवली की जमेल तिथे साधा मजकूर, नाही तिथे ट्रू, असं आपोआप होतं.

मागे राहिलेल्या ब्राउझरांसाठी पेस्ट इव्हेंट ऐका. प्रिव्हेंट-डिफॉल्टने मूळ कृती थांबवा, क्लिपबोर्ड-डेटाकडून गेट-डेटा वापरून टेक्स्ट/प्लेन प्रकारचा मजकूर घ्या आणि डॉक्युमेंटच्या एक्झेक-कमांडला इन्सर्ट-टेक्स्ट सांगून तो कर्सरच्या जागी घाला. (या नावांतल्या रेघा फक्त वाचायला दिल्या आहेत. कोडमध्ये ही नावं सलग लिहायची आणि जोडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं. इन्सर्ट-टेक्स्ट, डेटा-की आणि प्लेनटेक्स्ट-ओन्ली यांचे नियम वेगळे: इन्सर्ट-टेक्स्ट ही कमांड अवतरणात सलग लिहायची, तर उरलेल्या दोघांत रेघ खरोखरच लागते. सीएसएसमधल्या नावांतही रेघ खरी असते, आणि की-डाउनसारखी इव्हेंटची नावं सलग, सगळी लहान अक्षरांत लिहायची.) एक्झेक-कमांड अधिकृतपणे कालबाह्य ठरवलेली आहे, तरी इथे मी तीच सुचवतो, कारण तिने घातलेला मजकूर कंट्रोल-झेडने मागे घेता येतो. आपण थेट डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने पानाची जी रचना स्मृतीत बांधलेली असते तिच्यात, हात घालून बदल केला की अनडूची साखळी तुटते.

माउसने ओढून आणलेला मजकूरही फॉरमॅटिंग घेऊन येतो. ड्रॉप इव्हेंटवर सरळ प्रिव्हेंट-डिफॉल्ट लावा. मेनू बदलताना ओढाओढीची गरज नसते.

एंटर दाबल्यावर

ट्रू असलेल्या भागात एंटर दाबला की ब्राउझर नवा डिव्ह तयार करतो. क्रोम हे आधीपासून करतो; फायरफॉक्स पूर्वी बीआर टॅग घालायचा, ६० व्या आवृत्तीपासून तोही डिव्हवर आला. भाजी आणि दर या एका ओळीच्या जागा आहेत, तिथे दोन्ही नकोत. की-डाउन इव्हेंटमध्ये की एंटर असेल तर मूळ कृती थांबवा आणि त्या घटकावर ब्लर बोलवा, म्हणजे फोकस निघून जाईल. काकूंना एंटर म्हणजे 'झालं' हेच अपेक्षित असतं.

इथे मराठी टायपिंगचा एक पेच आहे. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डवर एंटर बऱ्याचदा सुचवलेला शब्द पक्का करण्यासाठी दाबला जातो. तेव्हाच आपण ब्लर केलं तर शब्द अर्धवट राहतो. इव्हेंटचा इज-कंपोझिंग हा गुणधर्म खरा असेल तर काहीही न करता परत फिरा.

सूचनेच्या डिव्हमध्ये मात्र एंटर चालू राहू द्या. सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेसला प्री-रॅप द्या, म्हणजे ओळी आणि जागा जशा टाइप केल्या तशा दिसतील. वाचताना टेक्स्ट-कंटेंट न वापरता इनर-टेक्स्ट वापरा. ओळ डिव्हने तुटलेली असो की बीआरने, त्याला ती नव्या ओळीसारखीच मिळते. शेवटी एखादी रिकामी ओळ जास्तीची येते, ती ट्रिमने काढा.

देवनागरी टाइप होताना काय घडतं

या विषयावरच्या बहुतेक सूचना इंग्रजी कीबोर्ड गृहीत धरून दिलेल्या असतात, म्हणून इथे थोडं थांबू.

अँड्रॉइडवर मराठी टाइप करताना की-डाउनमधून दाबलेलं अक्षर कळेलच याचा भरवसा नाही. कीबोर्ड बऱ्याचदा २२९ हाच ठोकळ आकडा पाठवतो. त्यामुळे 'कोणती कळ दाबली' यावर बेतलेला कोड लॅपटॉपवर चालतो आणि फोनवर गप्प बसतो. मजकूर बदलला का, एवढंच जाणून घ्यायचं असेल तर इनपुट इव्हेंट ऐका. तो टायपिंग, पेस्ट, बोलून लिहिणं, कंट्रोल-झेड, सगळ्यांवर येतो. चेंज इव्हेंट मात्र कंटेंटएडिटेबलवर येत नाही, त्याची वाट पाहू नका.

इनपुट इव्हेंट चालू असताना त्याच घटकात मजकूर परत लिहू नका. समजा, दर टाइप होता होता 90 चं ९० करावं असं वाटलं आणि तिथेच टेक्स्ट-कंटेंट बदललं. कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो आणि पुढचा आकडा उलट्या बाजूला पडतो. शब्द अर्धवट जुळलेला असेल तर तोही विस्कटतो. सगळी साफसफाई फोकस गेल्यावर करायची: जास्तीच्या जागा काढणं, आकडे बदलणं, रिकामं आहे का ते बघणं.

आकड्यांचं आणखी एक आहे. जावास्क्रिप्टच्या नंबरला '९०' दिलं तर उत्तर एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही', असं येतं. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत. काकू कुठल्याही लिपीत आकडा लिहोत, साठवताना तो रोमन आकड्यांत करा. देवनागरी शून्याचा कोड दशमान पद्धतीत २४०६ आहे, तेव्हा प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून २४०६ वजा केले की खरा अंक मिळतो. दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठी आणि भारताचा कोड, म्हणजे एमआर, रेघ, मोठ्या अक्षरांत आयएन, द्या. आकडे आपोआप देवनागरीत येतात.

लांबीची मर्यादा घालायची असेल तर मॅक्स-लेंग्थ इथे लागू होत नाही, ती स्वतः मोजावी लागते. आणि लेंग्थ मोजते ती सुटी चिन्हं. 'ज्वारीची' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. लेंग्थ सांगते ८, कारण ज, हलंत, व, काना, र, वेलांटी, च, वेलांटी असं सगळं वेगळं धरलं जातं. इंग्रजीला पुरेल अशी वीस चिन्हांची मर्यादा ठेवली तर 'ज्वारीची भाकरी आणि पिठलं' त्यात बसत नाही. नव्या ब्राउझरांत इंटल-सेगमेंटर आहे, तो अक्षरागणिक मोजतो आणि ताज्या आवृत्त्यांत जोडाक्षरही एकच धरतो. मेनूसारख्या पानावर मी मर्यादा घालतच नाही. ओव्हरफ्लो-रॅपला एनीव्हेअर देऊन लांब मजकूर खालच्या ओळीवर जाऊ देतो.

बॅकस्पेस दाबल्यावर आधी वेलांटी जाते आणि मग अक्षर, तर डिलीटने पुढचं अख्खं अक्षर जातं. बहुतेक ब्राउझरांत हे असंच चालतं, दुरुस्त करायला जाऊ नका. स्पेलचेकला फॉल्स द्या, नाहीतर मराठी शब्दकोश नसलेल्या लॅपटॉपवर 'मटकीची उसळ' लाल रेघांनी भरून जाते.

साठवणं

आतापर्यंतचा बदल रिफ्रेश करताच जाईल. तो टिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग लोकल-स्टोरेज. पूर्ण डॉक्युमेंटवर फोकस-आउट इव्हेंट ऐका (ब्लर वरच्या घटकांपर्यंत पोचत नाही, हा पोचतो), ज्या घटकातून फोकस गेला त्याचा डेटा-की आणि मजकूर घ्या, सेट-आयटमने साठवा. पान उघडताना प्रत्येक डेटा-कीसाठी गेट-आयटम विचारा आणि काही मिळालं तर ते घटकात भरा.

भरताना टेक्स्ट-कंटेंटच वापरा. इनर-एचटीएमएल वापरलं तर साठवलेल्या मजकुरातला टॅग खरा टॅग बनतो, आणि चित्राच्या टॅगला ऑन-एररमध्ये जोडलेला कोडही चालून जातो. बदल एका संगणकापुरते असताना हा धोका लहान वाटतो. तोच मजकूर सर्व्हरवरून शंभर मुलांच्या फोनवर जाऊ लागला की तो गंभीर होतो. फॉरमॅटिंग खरोखरच ठेवायचं असेल तर इनर-एचटीएमएलआधी डॉमप्युरिफायसारख्या लायब्ररीतून मजकूर गाळून घ्या.

फोकस येताच, म्हणजे फोकस-इनवर, जुना मजकूर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. एस्केप दाबला की तोच परत भरा. चुकून अर्धं खोडलं गेलं तर काकूंना सुटकेचा मार्ग हवा. आणि फोकस जाताना मजकूर रिकामा उरला असेल तर टेक्स्ट-कंटेंट रिकामं करून टाका. खोडल्यावर आत बऱ्याचदा एक बीआर मागे राहतो, आणि त्यामुळे सीएसएसमधला एम्प्टी हा सिलेक्टर (रिकामा घटक निवडणारा) लागत नाही. तो लागला की बिफोरमध्ये डेटा-प्लेसहोल्डरचा मजकूर दाखवून फिक्या रंगात 'आजची भाजी लिहा' असं आणता येतं.

पान डबल क्लिकने थेट फाइलवरून उघडलं तर लोकल-स्टोरेजचं वागणं ब्राउझरनुसार बदलतं. पायथन असेल तर त्या फोल्डरमध्ये त्याचा एचटीटीपी सर्व्हर चालू करून लोकलहोस्टवरून पान उघडा.

हे सगळं त्या एका ब्राउझरपुरतं आहे. ब्राउझरचा डेटा साफ केला की मेनूही गेला. काउंटरवरचा लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला असेल किंवा रोज प्रिंट काढायची असेल तर इतकं पुरतं. मुलांना शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकेत बसून फोनवर मेनू बघायचा असेल तर मात्र फोकस-आउटमध्येच फेचने तो मजकूर सर्व्हरकडे पाठवावा लागेल, आणि तो पाठवणारं माणूस कोण आहे हे सर्व्हरनेच तपासायचं. पानावर फॉल्स लिहिल्याने काहीच सुरक्षित होत नाही. कन्सोल उघडून कोणीही ते ट्रू करू शकतं, ते आपण सुरुवातीला पाहिलंच. फॉर्ममधून पाठवत असाल तर ध्यानात असू द्या की कंटेंटएडिटेबल घटक फॉर्मबरोबर जात नाही. त्याचा मजकूर सबमिटच्या क्षणी एखाद्या हिडन इनपुटमध्ये भरावा लागतो.

'बदल करा' बटण

पान उघडल्यापासूनच सगळं एडिटेबल ठेवू नका. काउंटरवर कळांवर डबा ठेवला जातो, कोणाचा तरी हात लागतो आणि 'वांग्याचं भरीत' पुढे चार अक्षरं उमटतात. एचटीएमएलमधलं ट्रू आता फॉल्स करा आणि एक बटण ठेवा. ते दाबलं की सगळ्या डेटा-की असलेल्या घटकांना एडिटेबल करायचं (आधी ट्रू, मग वरची ट्राय-कॅचमधली ओळ), तुटक रेघेची चौकट द्यायची आणि बटणावर 'झालं' लिहायचं. परत दाबलं की सगळं बंद.

फोकस आल्यावर ब्राउझर जी रेघ काढतो ती आवडत नाही म्हणून आउटलाइन नन करणारे बरेच दिसतात. रंग बदला, रेघ ठेवा; आपण कुठे टाइप करतोय हे दिसलंच पाहिजे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी रोल ॲट्रिब्यूटमध्ये टेक्स्टबॉक्स आणि एरिया-लेबलमध्ये 'आजची भाजी' द्या. नाहीतर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर नुसता मजकूर वाचतो, तो कशाचा आहे ते सांगत नाही.

हे कुठे वापरू नये

फक्त आकडा हवा असेल तर साधा इनपुट बरा. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, तपासणी फुकट मिळते. दर क्वचितच बदलतो, म्हणून वर तो स्पॅनमध्ये चालवून घेतला. लांबलचक लेखनाला टेक्स्टएरिया. आणि ठळक अक्षरं, याद्या, फोटो, तक्ते असं सगळं हवं असेल तर कंटेंटएडिटेबलवर स्वतःचा एडिटर बांधायला घेऊ नका. क्विल, टिपटॅप, प्रोजमिरर, लेक्सिकल, सीकेएडिटर यांच्यापैकी एक घ्या. आतून तेही याच ॲट्रिब्यूटवर उभे आहेत, पण प्रत्येक ब्राउझरच्या खोडी सांभाळण्यात त्यांची वर्षं गेली आहेत.

प्रिंट आणि शेवटची तपासणी

मीडिया प्रिंटच्या सीएसएसमध्ये बटण लपवा, तुटक चौकट काढा, अक्षर मोठं करा आणि पेज साइझ ए४ ठेवा. 'प्रिंट काढा' अशा बटणावर विंडोचं प्रिंट बोलवा. प्लेसहोल्डरही इथे लपवायला विसरू नका, नाहीतर रिकाम्या दिवशी 'आजची भाजी लिहा' असा कागद भिंतीवर लागतो.

मग काकूंच्या हातात द्यायच्या आधी त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच कीबोर्डवर हे करून बघा: भाजी पूर्ण खोडून परत क्लिक होतंय का, व्हॉट्सॲप वेबवरून कॉपी केलेली ओळ साधी होऊन येते का, अर्धा शब्द लिहून एंटर दाबल्यावर काय होतं, एस्केपने जुनं परत येतं का, दर 100 लिहिला आणि १०० लिहिला तर 'झालं' नंतर सारखंच दिसतं का (एकदा रोमन, एकदा देवनागरी आकड्यांत), आणि लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर मेनू टिकतो का. सूचनेत 'रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद' हे दोन ओळींत लिहून त्याची प्रिंटही काढा. दोन ओळी दोनच राहिल्या तर प्री-रॅप नीट बसलं आहे.